रेडिएशननंतर पाळी गेली: इस्ट्रोजेन संपल्यामुळे होणारा त्रास कोणता, किरणांमुळे होणारा कोणता

पाळी आपसूक जाते तेव्हा शरीर काही वर्षं आधीपासून तयारीला लागलेलं असतं. तारखा मागेपुढे होतात, कधी अंगावरून जास्त जातं, कधी दोन-दोन महिने काहीच नाही, मधूनच एखादी गरम वाफ येऊन जाते. ओटीपोटाला रेडिएशन दिलं की ही सगळी वर्षं काही आठवड्यांत आटोपतात. उपचार चालू असताना किंवा संपल्यावर दोन-तीन महिन्यांच्या आत पाळी थांबते. वाफा, घाम, झोपमोड, कोरडेपणा हे सगळं एकदम अंगावर येतं. वय पस्तीस असलं तरीही.

आकडे पाहिले की यात आश्चर्य वाटत नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी बाहेरून दिल्या जाणाऱ्या रेडिएशनचा नेहमीचा डोस ४५ ग्रेच्या (ग्रे हे किरणांचा डोस मोजायचं एकक) आसपास असतो, २५ बैठकांत, पाच आठवड्यांत विभागलेला. स्त्रीबीजं मात्र इतकी नाजूक, की २ ग्रेपेक्षाही कमी डोसात त्यांतली निम्मी संपतात. अंडाशयाचं काम कायमचं थांबायला विसाव्या वर्षी साधारण १६ ग्रे आणि तिसाव्या वर्षी साधारण १४ ग्रे पुरतात. चाळिशीत तर ६ ग्रेसुद्धा. म्हणजे अंडाशयं किरणांच्या पट्ट्यात असतील तर पाळी जाणारच, आणि कधी जाणार हेही आधीच माहीत असतं. तरीही कितीतरी जणींना हे रेडिएशन संपल्यावर, वाफा सुरू झाल्यावर कळतं. संमतीपत्रकावर 'अकाली रजोनिवृत्ती' असे दोन शब्द असतात खरे, पण कॅन्सरचं नाव नुकतंच ऐकलेल्या बाईला ते वाचून काय उमगणार!

पुढचं सगळं एका प्रश्नाभोवती फिरतं. रेडिएशनने दोन वेगवेगळ्या इजा होतात. एक, अंडाशयं बंद पडल्यामुळे इस्ट्रोजेन, म्हणजे त्यांत तयार होणारं स्त्री-हार्मोन, संपतं. दोन, योनी, मूत्राशय, आतडं, हाडं यांच्या पेशींना आणि बारीक रक्तवाहिन्यांना किरणांची थेट झळ लागते. दोन्हींची लक्षणं एकमेकींत मिसळतात, उपाय मात्र वेगळे आहेत. इस्ट्रोजेनने आकसलेली योनी सैल होत नाही आणि डायलेटरने (योनी आकसू नये म्हणून आत घालायच्या गुळगुळीत दांड्याने) वाफा थांबत नाहीत. म्हणून प्रत्येक तक्रारीपुढे आधी विचारायचं: हा त्रास इस्ट्रोजेन नसल्याचा, की किरणांचा, की दोन्हींचा?

रेडिएशन सुरू होण्याआधी

या टप्प्यावर वेळ थोडा असतो, पण चार गोष्टी विचारायलाच हव्यात.

पहिली, अंडाशयं हलवता येतील का. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून अंडाशयं ओटीपोटाच्या वर आणि बाजूला, किरणांच्या पट्ट्याबाहेर नेऊन टाके घालून अडकवतात आणि जागा ओळखू यावी म्हणून धातूची क्लिप लावतात. हे नेहमी साधतंच असं नाही. विखुरलेली किरणं थोडी तरी पोचतात, रक्तवाहिनीला पीळ पडू शकतो, अंडाशय परत खाली सरकू शकतं. जमलं तरी ती अंडाशयं नेहमीपेक्षा लवकर थकतात, त्यामुळे रक्ततपासणी वर्षानुवर्षं चालू ठेवावी लागते. पुढे पोटात एका बाजूला, वरच्या भागात अचानक दुखू लागलं तर हलवलेल्या अंडाशयावर गाठ आली असेल हे डॉक्टरांना आठवून द्यायला हवं. नेहमीच्या जागी शोधणाऱ्याला ती दिसणार नाही.

दुसरी, स्त्रीबीजं किंवा भ्रूण गोठवून ठेवणं. याला साधारण दोन आठवडे लागतात आणि उपचार तेवढे थांबू शकतात का हे कॅन्सरचे डॉक्टरच सांगतील. गर्भाशयालाही पूर्ण डोस मिळणार असेल तर त्या गर्भाशयात पुढे गर्भ वाढण्याची आशा धरू नये, हेही तेव्हाच स्पष्ट बोललेलं बरं.

तिसरी, सुरुवातीची मोजमापं: डेक्सा तपासणीतून हाडांची घनता, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, डी जीवनसत्त्व, वजन. पुढे काही घटलं-वाढलं तर तुलनेला हेच आकडे लागतात.

चौथी, हार्मोन उपचार कोण सुरू करणार. कॅन्सरचे डॉक्टर म्हणतात स्त्रीरोगतज्ज्ञ बघतील, स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणतात कॅन्सर झालाय तर तेच बघतील, आणि मधल्या मधे वर्ष निघून जातं. एक नाव ठरवून फाइलवर लिहून घ्या.

अंडाशयं बंद पडली हे ओळखायचं कसं

अंडाशयांना पूर्ण डोस मिळाला असेल आणि वाफा सुरू झाल्या असतील, तर उपचारासाठी कुठल्या अहवालाची वाट बघायची गरज नाही. शंका असेल तेव्हा रक्तातलं एफएसएच (अंडाशयांना चालना देणारं, ती थकली की वाढणारं हार्मोन) बघतात; चाळिशीच्या आतल्या बाईत ते २५ युनिटच्या वर असेल तर अंडाशयं थकल्याचं मानतात, आणि खात्री वाटत नसेल तर चार-सहा आठवड्यांनी पुन्हा तपासतात. गर्भनिरोधक गोळ्या किंवा हार्मोन चालू असताना हा आकडा फसवा येतो.

पाळीवर मात्र विसंबू नका. अंडाशयं हलवून वाचवली असतील आणि गर्भाशयाच्या अस्तराला किरणांची झळ लागली असेल, तर हार्मोन व्यवस्थित तयार होत असूनही पाळी येत नाही. गर्भाशय काढलेलं असेल तर पाळीचा प्रश्नच नाही. अशा वेळी रक्ततपासणीच खरं सांगते.

सगळाच घाम पाळी गेल्याचा नसतो, हेही इथेच सांगतो. ३८ अंशांवर ताप, घटत जाणारं वजन, रात्री कपडे बदलावे लागतील इतका घाम असेल तर संसर्ग, थायरॉइड आणि आजार परतल्याची शक्यता आधी तपासावी. मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामकं आणि काही नैराश्यविरोधी गोळ्यांनीही घाम सुटतो.

हार्मोन उपचार: भीती कुठून आली

हार्मोनबद्दलची बरीचशी धास्ती २००२ साली जाहीर झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासातून आली. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. त्यांची पाळी नैसर्गिकरीत्या जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि त्यांना वरून हार्मोन दिलं जात होतं. पस्तिशीत अंडाशयं गमावलेल्या बाईची गोष्टच वेगळी. तिच्या वयाच्या इतर बायकांच्या शरीरात जे रोज तयार होतंय, तेवढंच तिला परत द्यायचं असतं. न दिल्यास हाडं ठिसूळ होणं आणि हृदयविकार यांची जोखीम वाढते. म्हणून पंचेचाळिशीच्या आत पाळी गेलेल्या बाईला, काही अडचण नसेल तर, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत, म्हणजे साधारण ५१ पर्यंत, हार्मोन द्यावं असाच आजचा सल्ला आहे. वाफा येत नसल्या तरी. हे वाक्य पुन्हा वाचावं असं आहे, कारण 'मला तसा त्रास नाही' म्हणून हार्मोन न घेणाऱ्या पुष्कळ असतात आणि हाड कमकुवत झाल्याचं दुखून कळत नाही.

अडचण आहे की नाही हे कॅन्सरच्या प्रकारावर ठरतं. गर्भाशयमुखाचा स्क्वॅमस प्रकारचा, म्हणजे पृष्ठभागावरच्या चपट्या पेशींचा कॅन्सर हार्मोनवर पोसणारा नाही. त्यात हार्मोन घ्यायला हरकत नसते. योनी आणि योनिमुखाचा स्क्वॅमस कॅन्सर, गुदद्वाराचा आणि गुदाशयाचा कॅन्सर यांचंही तेच. गर्भाशयमुखाच्या ग्रंथीपेशींच्या कॅन्सरमध्ये, म्हणजे अॅडेनोकार्सिनोमात, डॉक्टर जास्त सावधपणे, प्रत्येकीचं वेगळं बघून ठरवतात. गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर सुरुवातीच्या टप्प्यावरचा आणि सौम्य प्रतीचा असेल तर चर्चा करून हार्मोन देता येतं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अशा १,२३६ बायका होत्या. इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत २.३ टक्के आणि न घेणाऱ्यांत १.९ टक्के जणींचा आजार परतला. ही चाचणी मधेच थांबवावी लागली होती, त्यामुळे तिला शेवटचा शब्द मानता येत नाही, पण घाबरवणारं तिच्यात काही नाही. पुढच्या टप्प्यावरचा किंवा आक्रमक प्रतीचा अस्तराचा कॅन्सर आणि गर्भाशयाचे हार्मोनला प्रतिसाद देणारे सार्कोमा (स्नायूंसारख्या ऊतींचे कॅन्सर) यांत मात्र हार्मोन टाळतात. पूर्वी स्तनाचा कॅन्सर झाला असेल, यकृताचा आजार चालू असेल, किंवा रक्तस्रावाचं कारण सापडलेलं नसेल तरीही थांबायचं.

गर्भाशय जागेवर असेल तर

सगळ्यात महाग पडणारी चूक इथे होते. प्रोजेस्टेरॉन हे गर्भाशयाच्या अस्तराची वाढ आवरणारं हार्मोन. 'रेडिएशनने अस्तर जळून गेलं, मग प्रोजेस्टेरॉन कशाला?' असं म्हणून नुसतं इस्ट्रोजेन दिलं जातं. अस्तराचे तुकडे शिल्लक राहतात आणि नुसत्या इस्ट्रोजेनवर ते वाढत जातात, पुढे त्यातून कॅन्सरही होऊ शकतो. एरवी अशा वेळी रक्त जाऊन इशारा मिळतो. पण रेडिएशननंतर गर्भाशयमुख आक्रसून बंद झालेलं असू शकतं. रक्त बाहेर येत नाही, आतच साचतं आणि ओटीपोटात कळा येत राहतात. गर्भाशय आहे, तर प्रोजेस्टेरॉन हवंच.

तेही रोज, खंड न पाडता. महिन्यातले बारा-चौदा दिवस प्रोजेस्टेरॉन देऊन पाळी आणणारी पद्धत बंद मुखाच्या गर्भाशयात अडचणीची ठरते. रोजच्या पद्धतीत नैसर्गिक प्रोजेस्टेरॉनची १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल रात्री झोपताना घेतात. तिने गुंगी येते, म्हणून रात्रीच; झोप उडालेल्यांना ती गुंगी उपयोगीच पडते. इस्ट्रोजेनचा डोस वाढवला की प्रोजेस्टेरॉनचाही वाढवावा लागतो, हे बऱ्याचदा राहून जातं. हार्मोन सोडणारी कॉपर-टीसारखी कॉइल कागदावर छान पर्याय आहे, पण आक्रसलेल्या गर्भाशयमुखातून ती आत घालणं अवघड जातं. तिचा विचार असेल तर रेडिएशनच्या आधीच बोलावं.

त्वचेतून का

तरुण वयात गोळीपेक्षा पॅच किंवा जेल बरं, हे आमचं ठाम मत आहे. त्वचेतून दिलेलं इस्ट्रोजेन यकृतातून आधी जात नाही, त्यामुळे नेहमीच्या डोसात रक्ताच्या गुठळ्यांची जोखीम वाढत नाही. ओटीपोटाच्या कॅन्सरमध्ये ती जोखीम मुळातच जास्त असते. दुसरं कारण आतड्याचं. किरणांनी आतड्याला इजा झाली असेल, वारंवार जुलाब होत असतील, तर गोळीतलं औषध किती शोषलं जातंय याचा भरवसा नाही. त्यात पित्ताम्लांमुळे होणाऱ्या जुलाबांवर कोलेस्टिरामिन चालू असेल तर ते आतड्यात इतर औषधांनाही धरून ठेवतं. बाकीच्या गोळ्या त्याच्या तासभर आधी किंवा चार ते सहा तासांनंतरच घ्याव्यात. गोळ्या नेमाने घेऊनही वाफा का थांबत नाहीत, याचं उत्तर कितीदा तरी एवढंच असतं.

तरुण बाईला डोसही जरा जास्त लागतो. पन्नाशीतल्या बाईचं ५० मायक्रोग्रॅमच्या पॅचवर भागेल. तिशी-पस्तिशीत बहुधा ७५ ते १०० मायक्रोग्रॅम लागतात. जेलचा पंप असेल तर एका दाबात साधारण ०.७५ मिलिग्रॅम येतं. दोन दाबांपासून सुरुवात करून गरजेप्रमाणे चारपर्यंत जातात.

पॅच आठवड्यातून दोनदा बदलायचा. वार पक्के ठरवून टाका. कंबरेखाली, पोटावर किंवा नितंबाच्या वरच्या भागावर, कोरड्या त्वचेवर लावून तळव्याने दहा सेकंद दाबून धरायचा. त्या जागी तेल, क्रीम, पावडर नको. दर वेळी जागा बदलायची, छातीवर कधीच लावायचा नाही. आणि रेडिएशनची झळ लागून काळवंडलेल्या किंवा पातळ झालेल्या त्वचेवर नको: तिथे चिकट पट्टी सोलून काढताना साल निघते. गुदद्वाराच्या किंवा योनिमुखाच्या कॅन्सरनंतर जांघा आणि नितंब पट्ट्यात असतात, तेव्हा दंडाला लावायचं जेल सोयीचं. जेल पातळ पसरायचं, चोळायचं नाही, पाचेक मिनिटं वाळू द्यायचं, तासभर तो भाग धुवायचा नाही आणि तेवढ्यात लहान मूल अंगाशी घ्यायचं नाही.

वाफांमध्ये फरक पडायला काही आठवडे लागतात. तीन महिन्यांनी आढावा घ्यावा. फरक नसेल तर डोस वाढवण्याआधी पॅच कडेने सुटतोय का, जेल मोजून घेतलं जातंय का, हे बघावं. त्वचेतून घेत असाल तर रक्तातलं इस्ट्राडायॉल (इस्ट्रोजेनचं मुख्य रूप) तपासून औषध पोचतंय का हे कळतं.

हार्मोन चालत नसेल तर

वाफांवर बिनहार्मोनची औषधं आहेत, पण ती फक्त वाफांवर चालतात. हाडांना आणि योनीला त्यांचा उपयोग नाही. व्हेन्लाफॅक्सिन ३७.५ मिलिग्रॅमपासून सुरू करून आठवड्याने ७५ करतात. पहिले काही दिवस मळमळतं, आणि पुढे कधी बंद करायचं झालं तर हळूहळूच. एकदम सोडलं की चक्कर आणि अस्वस्थता येते. रात्रीच्या वाफांनी झोप मोडत असेल तर झोपताना ३०० मिलिग्रॅम गॅबापेन्टिन. ऑक्सिब्युटिनिन हे मूळचं मूत्राशयाचं औषध, पण त्याने वाफाही कमी होतात. रेडिएशननंतर लघवीची घाई असणाऱ्यांना एका गोळीत दोन कामं. तोंड कोरडं पडणं आणि बद्धकोष्ठ हा त्याचा मोबदला, आणि वय जास्त असेल तर विसरभोळेपणा वाढू शकतो. पॅरॉक्सेटिनही चालतं, पण टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कॅन्सरवरचं औषध) चालू असेल तर नको, कारण त्याने टॅमॉक्सिफेनचा परिणाम घटतो. क्लोनिडिन जुनं आणि बेताचं.

फेझोलिनेटंट हे नवं औषध, दिवसाला ४५ मिलिग्रॅम, मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या केंद्रावरच काम करतं. त्याआधी आणि सुरुवातीचे महिने दर महिन्याला यकृताची तपासणी करावी लागते. विचार-वर्तन उपचारपद्धतीने वाफांची संख्या फारशी घटत नसली तरी त्यांचा जाच कमी होतो. वनौषधींच्या कॅप्सूलबद्दल आमचं मत प्रतिकूल आहे: आत किती आणि काय आहे ते कळत नाही, आणि काहींत इस्ट्रोजेनसारखंच काम करणारी द्रव्यं असतात. ज्यांना हार्मोन वर्ज्य आहे त्याच बायका त्यांकडे जास्त वळतात.

योनी: दोन्ही इजा एकाच जागी

इस्ट्रोजेन गेल्याने आतला पापुद्रा पातळ आणि कोरडा होतो. किरणांमुळे त्याच्या खालचे थर राठ होतात, भिंती एकमेकींना चिकटतात, योनी अरुंद आणि आखूड होते. हे आकसणं पहिल्या वर्षा-दोन वर्षांत जास्त होतं आणि पुढेही चालू राहू शकतं. हार्मोनचा पॅच लावला म्हणून इथलं काम झालं, असं समजू नये. पॅचवर असलेल्यांनाही स्थानिक उपचार बऱ्याचदा लागतोच.

मॉइश्चरायझर आणि वंगण या दोन वेगळ्या वस्तू आहेत. मॉइश्चरायझर दर दोन-तीन दिवसांनी, नियमाने, संबंध असो-नसो लावायचं. हायलुरोनिक आम्लाचं चांगलं. वंगण फक्त संबंधाच्या किंवा डायलेटरच्या वेळी. सुगंधी, गरम किंवा थंड वाटणारी जेलं टाळावीत. सिलिकॉनच्या डायलेटरवर सिलिकॉनचं वंगण लावलं तर डायलेटर खराब होतो, आणि तेलकट वंगणाने लॅटेक्सचा कंडोम फाटतो. पाण्याचा पाया असलेलं वंगण दोन्हींना चालतं.

स्थानिक इस्ट्रोजेनचा नेहमीचा क्रम: १० मायक्रोग्रॅमची गोळी दोन आठवडे रोज रात्री योनीत, मग आठवड्यातून दोनदा. क्रीमचंही असंच, आधी रोज, मग आठवड्यातून दोनदा. तीन महिन्यांची रिंगही मिळते, पण आक्रसलेल्या योनीत ती बसत नाही. गोळीची किंवा क्रीमची नळी आत जात नसेल तर जोर करू नका. क्रीम बोटाच्या टोकावर घेऊन जिथवर सहज जाईल तिथवर लावा. फरक दिसायला सहा ते बारा आठवडे. रक्तात ते फारच थोडं उतरतं, त्यामुळे हार्मोन टाळायला सांगितलेल्या काही जणींनाही डॉक्टरांच्या संमतीने चालतं. अॅरोमॅटेज रोखणारी गोळी (स्तनाच्या कॅन्सरमध्ये इस्ट्रोजेन घटवण्यासाठी देतात ती) चालू असेल तर मात्र आधी विचारायचं.

डायलेटर रेडिएशन चालू असताना किंवा आग शमलेली नसताना वापरायचा नाही. त्या वेळी भिंत फाटू शकते. उपचार संपल्यावर साधारण चार आठवड्यांनी, काहींना आठ आठवड्यांनी, तपासणी करून सुरुवात करतात. आठवड्यातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी काही मिनिटं. कुठे एक ते तीन मिनिटं सांगतात, कुठे पाच ते दहा. मिनिटांपेक्षा नेम महत्त्वाचा. आधी लघवी करून या. पाठीवर निजून गुडघे दुमडा, किंवा उभं राहून एक पाय स्टुलावर ठेवा. सगळ्यात लहान डायलेटरला भरपूर वंगण लावा, श्वास सोडताना पाठीच्या दिशेने किंचित तिरपा, हळू आत सरकवा. अडला की थांबा, ओटीपोटाचे स्नायू आवळून सैल सोडा, मग पुढे. आत गेल्यावर पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे हलका दाब द्या आणि बाहेर काढताना फिरवत काढा. कोमट पाण्याने आणि साबणाने धुऊन वाळवून ठेवा. सहज जाऊ लागला की पुढचं माप. संबंध होत असतील तर ती वेळ डायलेटरच्या हिशेबात धरावी.

वंगणावर गुलाबी डाग दिसणं चालतं. लाल रक्त वाहणं, तीव्र दुखणं, दुर्गंधी स्राव यांपैकी काही झालं तर थांबून डॉक्टरांना दाखवायचं. जोडीदार नसलेल्यांनीही हे करावं, कारण योनी बंद झाली तर पुढची तपासणीच करता येत नाही. डायलेटरवरचा पुरावा मोठ्या चाचण्यांचा नाही, निरीक्षणांचा आहे, हे मान्य करूनही आम्ही तो सुचवतो.

योनीच्या लेझर उपचारांपासून लांब राहावं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ सालीच अशा यंत्रांबद्दल इशारा दिलाय, आणि किरणं लागलेली जागा भाजली तर भरून यायला अवघड असते.

रक्त दिसलं की दरवेळी दाखवायचंच. किरणांनी आतल्या पृष्ठभागावर नाजूक रक्तवाहिन्यांची जाळी उमटते आणि स्पर्शानेही ती वाहते. कारण बहुधा हेच निघतं. पण आधी आजार परतला नाही ना, हे बघावं लागतं. उगाच तुकडा काढून तपासणंही बरं नव्हे, कारण रेडिएशन झालेल्या जागी जखम चिघळून भोक पडू शकतं. नवीन डॉक्टरांना रेडिएशनचा इतिहास आधी सांगा.

इच्छेबद्दल दोन ओळी. अंडाशयं टेस्टोस्टेरॉनही बनवत असतात. वेदना आणि कोरडेपणा आटोक्यात आला, इस्ट्रोजेन पुरेसं झालं, तरी इच्छा परतत नसेल तर अगदी थोड्या डोसात टेस्टोस्टेरॉनचं जेल तीन ते सहा महिने करून बघतात, रक्तातली पातळी मोजत. आणि जोडीदाराच्या मनात असेल तर सांगून टाका: रेडिएशन घेतलेल्या बाईच्या अंगातून नंतर किरणं निघत नाहीत, आणि कॅन्सर संबंधातून लागत नाही.

कंबर दुखते, थकवा आहे, लघवीची जळजळ

रेडिएशननंतर पहिल्या दोन वर्षांत कंबरेच्या खाली किंवा नितंबात, उभं राहिल्यावर वाढणारं आणि पडल्यावर कमी होणारं दुखणं सुरू झालं, की सगळ्यांचा पहिला विचार एकच: हाडात पसरला. पुष्कळदा ती त्रिकास्थीला, म्हणजे कण्याच्या तळच्या हाडाला, पडलेली बारीक चीर असते. किरणांनी हाड आधीच कमजोर झालेलं, त्यात इस्ट्रोजेन नाही, मग साध्या चालण्याच्या भारानेही ते चिरतं. साध्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं.

हाडांसाठी आहार धरून दिवसाला १,००० ते १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८०० ते १,००० युनिट डी जीवनसत्त्व. कॅल्शियमची गोळी एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त घेऊन फायदा नाही. जुलाबांमुळे दूध सोडलेल्यांनी हा हिशेब मुद्दाम करावा. चालणं हवंच, पण सोबत आठवड्यातून दोनदा वजन उचलण्याचे व्यायामही. बिस्फॉस्फोनेट हे हाडांची झीज रोखणारं औषध द्यायचं ठरलं तर आधी दातांची कामं उरकून घ्यावीत.

थकव्याचं खापर पाळी गेल्यावर फोडण्याआधी बी-१२ आणि हिमोग्लोबिन तपासा. लहान आतड्याचा जो शेवटचा तुकडा बी-१२ शोषतो, तो बऱ्याचदा किरणांच्या पट्ट्यात येतो, आणि शरीरातला साठा संपायला काही वर्षं लागत असल्याने कमतरता उशिरा उघडी पडते. संडासवाटे थोडंथोडं रक्त जात असेल तर लोहही उतरतं.

लघवीची जळजळ आणि घाई हा दोन्ही इजांचा मिलाफ. वारंवार संसर्ग होत असेल तर योनीतलं इस्ट्रोजेन तो कमी करतं. दर वेळी प्रतिजैविक सुरू करण्याआधी लघवीचं कल्चर द्यावं, कारण किरणांनी झालेली मूत्राशयाची आग हुबेहूब संसर्गासारखी वाटते आणि प्रतिजैविकाने शमत नाही. लघवीत रक्त दिसलं तर दुर्बिणीने बघणं टाळू नये.

धूम्रपान चालू असेल तर वाफा, हाडं, हृदय आणि आतड्याचा उशिरा होणारा त्रास, चारही बिघडतात. वर्षातून एकदा रक्तदाब, वजन, कोलेस्टेरॉल. डेक्सा साधारण दोन वर्षांनी पुन्हा.

वयाच्या ५१ च्या सुमारास हार्मोन थांबवायचं की कमी डोसावर चालू ठेवायचं, हे तेव्हा ठरवता येतं. थांबवायचं असेल तर तीन ते सहा महिन्यांत डोस उतरवत आणावा. वाफा काही दिवस परत येऊ शकतात. योनीतलं इस्ट्रोजेन आणि मॉइश्चरायझर मात्र त्याबरोबर बंद करायचं नाही. पॅच सुटल्यावर कोरडेपणा वाढतो, आणि आकसलेल्या जागेला त्याची गरज तेव्हाच जास्त असते.